शेळी व्याली का

पाठीला हात लावला तेव्हा भिंतीकडचं तोंड न वळवताच हर्षाली म्हणाली, "जेवले पप्पा. बरी आहे. अभ्यास चालू आहे."

पप्पा तिथे नव्हते. ते बऱ्हाणपूरला केळीच्या बागेत होते. इंदूरच्या त्या वसतिगृहाच्या खोलीत मी होते, तिची आजी, आणि हात माझा होता. खिडकी बंद, पंखा बंद. खाटेखाली स्टीलच्या ताटात पोळी वाकून कडक झाली होती आणि मुंग्या लागल्या होत्या. पोरीची पाठ इतकी तापलेली की हात ठेववेना. मी म्हटलं, "हर्षू, मी आलेय." ती पुन्हा तेच म्हणाली. जेवले पप्पा, बरी आहे, अभ्यास चालू आहे. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. रोज फोनवर देऊन देऊन ते उत्तर तिच्या तोंडात बसलं होतं, समोर प्रश्न असो की नसो.

मी तिला खांद्याला धरून वळवलं. डोळे उघडे होते, पण ते माझ्यावर नव्हते. गाल बसलेले, ओठांची सालं निघालेली. मला तो चेहरा हर्षालीचा वाटला नाही. तो केसरचा होता. केसर माझी थोरली बहीण. ती गेली तेव्हा मी शाळेत पाटी घेऊन जात होते, आणि आता माझ्या तोंडात दात उरले नाहीत. इतक्या वर्षांनी ती मला इंदूरला भेटली.

दरवर्षी हे दिवस आले की ती खोली माझ्यापुढे उभी राहते. बारावीचे निकाल लागतात, मग पोरं कॉम्प्युटरच्या दुकानात बसून कॉलेजांची नावं भरतात, मग इतवाऱ्याच्या बाजारात दुकानांबाहेर चाकांच्या बॅगा टांगल्या जातात. आमच्या लोधीपुऱ्यातून एखाददुसरं पोर बाहेर निघतंच. आईबाप पेढे घेऊन येतात, पोराला माझ्या पायावर घालतात. मी आशीर्वाद देते आणि विचारते, "याची खाट कुठे ठेवणार?" ते एकमेकांकडे बघतात. म्हातारी चळली, असं त्यांना वाटतं.

आम्ही हर्षालीची खाट हलवली होती. ती गेली त्याच आठवड्यात दिलीपने, म्हणजे माझ्या मुलाने, तिथे ठिबकच्या नळ्यांची बंडलं आणून टाकली. वाईट मनाने नाही. जागा रिकामी झाली होती, बंडलं अंगणात भिजत होती. पोरगी घरातून गेली की तिची जागा भरायची, ही आमची जुनी सवय.

खरी गोष्ट अशी की आमच्या घरातून आजवर पोरी एकाच कामासाठी बाहेर गेल्या, सासरी जायला. पोरीला लांब पाठवायचं म्हणजे काय करायचं, ते आम्हाला तेवढंच येत होतं. म्हणून हर्षालीलाही आम्ही तसंच पाठवलं. संगीताने, माझ्या सुनेने, तिची ओटी भरली. भाऊबंदांच्या बायका आल्या, डोळ्यांना पदर लावले. हातावर दही दिलं. कोणीतरी म्हणालं, "नाव काढ गं घराण्याचं." दुसरी म्हणाली, "आपल्यात पहिलीच इंजिनीयर." पोरगी गोरीमोरी होऊन सगळ्यांच्या पाया पडत होती. मी तिथेच बसले होते आणि मला ते सगळं ओळखीचं वाटत होतं, आणि ओळखीचं वाटतंय म्हणजे बरोबरच असेल, असंही वाटत होतं.

बसस्टँडवर दिलीप तिला म्हणाला, "आता एकदम दिवाळीला ये. मधे मधे आली तर तिकडे मन लागायचं नाही." मायेने म्हणाला. सासरी जाणाऱ्या पोरीला बाप हेच म्हणत आले. पहिले काही महिने माहेरची वाट दाखवायची नाही. रडली तरी रमते.

आमच्याकडे खानदेशात आणि तापीच्या या काठावर आणखी एक रीत आहे. सासरी गेलेली पोरगी आपल्या पायाने माहेरी येत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किंवा दिवाळीला तिचा भाऊ तिला आणायला जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला तर पोरगी मानाने येते. तो न येता आली, तर ती पळून आली. मग गल्ली विचारते, काय बिनसलं, आणि आई दारात उभी राहायला लाजते.

हर्षालीला हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. घरातलं पाणी पितो तसं ते पोटात जातं.

संध्याकाळी फोन यायचा. दिलीप स्पीकर लावायचा म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. विचारायचा, "जेवली का? बरी आहेस ना? अभ्यास चालू आहे?" ती म्हणायची, "हो पप्पा, जेवले. बरी आहे. अभ्यास चालू आहे." मग ती विचारायची, "तिकडे?" हा म्हणायचा, "इकडे सब ठीक. तू चिंता करू नको." त्याच दिवसांत वारं सुटून आमची अर्धी बाग आडवी झाली होती. घड धरलेली झाडं चिखलात पडली होती. दिलीप बांधावर बसून राहायचा, जेवायला बोलावलं तरी उठायचा नाही. पण फोन आला की गळा साफ करून म्हणायचा, सब ठीक. पोरीच्या अभ्यासात खंड पडायला नको म्हणून.

मी आत बसून दोन्हीकडचं ऐकत होते. दोघं एकमेकांना खोटं सांगत होते, आणि दोघांचा आवाज सारखाच होता. बापलेकीच ना.

केसरबद्दल मी कधी बोलत नाही. आता सांगते.

ती सासरी गेली तेव्हा तिच्या वयाच्या पोरी भुलाबाई मांडून गाणी म्हणत होत्या. तिचं सासर खकनारच्या पुढे, जंगलाच्या कडेला. त्या काळी सासूसमोर "मला घेऊन जा" म्हणायची सोय नव्हती. म्हणून बायकांनी एक बोली काढली होती. माहेरच्या ओळखीचं कोणी दिसलं की पोरगी सहज विचारल्यासारखं विचारायची, "आमची शेळी व्याली का?" सासूला त्यात काही वावगं दिसायचं नाही. निरोप माहेरी पोचला की आईला कळायचं, पोर अडचणीत आहे, आणायला पाठवा. ही बायकांची बोली होती. पुरुषांना ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून त्यांच्या कानात शिरत नव्हती.

बांगड्या भरणारी बाई गावोगाव फिरायची. ती आमच्या ओसरीला आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुमची केसर भेटली. विचारत होती, शेळी व्याली का."

वडील ओसरीवर दोर वळत बसले होते. ते हसले. म्हणाले, "सांग तिला, व्याली. दोन पिलं आहेत. एक तर अगदी काळं कुळकुळीत आहे म्हणावं."

आई दारात होती. तिचा हात चौकटीवर होता तो तिथेच राहिला. बांगडीवाली गेल्यावर तिने वडिलांना काय ते सांगितलं. वडील वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "कापूस फुटलाय. एवढी वेचणी आटपू दे, पोराला लावून देतो."

वेचणी आटपली. माझा भाऊ मुऱ्हाळी म्हणून गेला. आईने सांजोऱ्या करून फडक्यात बांधून दिल्या होत्या. तो परत आला तेव्हा गाठोडं तसंच होतं. केसर कशाने गेली ते तिकडच्यांनी एक सांगितलं, लोकांनी दुसरं. आईने त्या फडक्याची गाठ सोडली नाही. ते तसंच कोनाड्यात पडून राहिलं, त्याला वास यायला लागला, मुंग्या लागल्या, तरी कोणी हात लावीना. शेवटी एक दिवस ते तिथे नव्हतं. मी विचारलं नाही.

काळं पिल्लू मात्र जगलं. ते मी चरायला नेत असे.

हर्षाली गेली त्या साली एक दिवस, दुपारची वेळ होती. नवरात्र सरलं होतं, संगीता गच्चीवर धुणं वाळत घालत होती आणि फोन माझ्या उशापाशी वाजला. हर्षाली संध्याकाळी फोन करायची, दुपारी कधी नाही.

"आजी," ती म्हणाली.

"बोल गं."

"काही नाही. सहज." मागे काही आवाज नव्हता, पोरीबाळींचा गलका नाही, काही नाही. मग म्हणाली, "आजी, आपली शेळी व्याली का?"

आमच्याकडे शेळी नाही. दिलीपच्या लग्नाच्या आधीपासून नाही. हर्षालीने आमच्या दारात शेळी बघितलेलीच नाही.

मी विचारलं, "काय म्हणालीस?" पण फोन बंद झाला होता.

ती केसरची गोष्ट मी तिला कधी सांगितली होती का, मला आठवत नाही. लहानपणी ती माझ्याजवळ झोपायची, तेव्हा झोपेच्या भरात काही बोलले असेन. नंतर मी तिला विचारलं तर ती म्हणाली, "मी असं विचारलं? नाही गं आजी." ती खोटं बोलत नव्हती. मग विचारलं कोणी? हा प्रश्न मी फार वेळ मनात ठेवत नाही.

दिलीप बागेतून आला तेव्हा मी म्हटलं, "हर्षूला आण."

"माय, काय झालं? कालच तर बोलली. बरी आहे."

"तिने शेळी विचारली."

"कोणती शेळी?"

"तू जा आणि आण."

"उद्या कटाई आहे. गाडी लागलीय. जेवढी उभी आहे तेवढी तरी जाऊ दे. आणि तिची परीक्षा आलीय, आता आणून काय करू? रविवारी बघतो."

"हो," मी म्हटलं. "कापूसही वेचायचा होता."

त्याला ते कळलं नाही. आमच्या रानात कापूस नव्हता. तो संगीताला हळूच म्हणाला, "मायला जरा बघ, काहीतरी बरळतेय." संगीता माझ्याकडे बघत राहिली. पण सकाळी मी निघाले तेव्हा माझं लुगडं आणि पाण्याची बाटली तिनेच पिशवीत भरली. खायला बांधू लागली तर मी नको म्हटलं. बांधून नेलेलं परत आणायची ताकद माझ्यात नव्हती.

इंदूरची बस आसीरगडाच्या खालून जाते. मी आयुष्यात तिकडे एकटी गेले नव्हते. कंडक्टर म्हणाला, "अम्मा, साथ में कौन है?" मी म्हटलं, "तू है ना." तो हसला आणि मला खिडकीजवळ बसवलं. खंडवा गेलं, नर्मदेचा पूल गेला, घाट आला. मी बाहेर बघत नव्हते. माझा भाऊ केसरला आणायला बैलगाडीतून गेला तेव्हा त्याला काय वाटलं असेल, एवढंच डोक्यात होतं. तो कधी बोलला नाही. मेला तोपर्यंत बोलला नाही.

वसतिगृहाच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. "किससे मिलना है? कौन लगती हो?"

मी म्हटलं, "मुऱ्हाळी."

"क्या?"

"भाई हूँ उसका."

तो माझ्या पांढऱ्या डोक्याकडे बघतच राहिला. मग वॉर्डनबाई आल्या. चांगल्या शिकलेल्या, गळ्यात ओळखपत्र. म्हणाल्या, "अम्माजी, आजकल बच्चियाँ बड़ी हो गई हैं, आप ऐसे अचानक नहीं आ सकतीं. फोन पर बात कर लीजिए."

मी म्हटलं, "फोनवर ती बरी आहे. मला वर जायचं आहे."

त्यांना मराठी कळलं की नाही कोण जाणे. मी जिन्याकडे चालू लागले आणि त्या माझ्या मागे आल्या. म्हातारीला हात धरून ओढता येत नाही, हा म्हातारपणाचा एक फायदा आहे. हर्षालीची जोडीदारीण दसऱ्याला घरी गेली ती अजून परतली नव्हती. खोलीत ती एकटी होती. मेसमध्ये कोण येतं, कोण येत नाही, तिथे कोणी बघत नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. कोणीही उघडू शकलं असतं.

उशीखाली गोळ्या सापडल्या. तापाच्या म्हणून आणलेल्या, न घेतलेल्या, साठवलेल्या. त्या मी कनवटीला खोचल्या. वॉर्डनबाईंना दाखवल्या नाहीत, दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना दाखवल्या. त्यांनी त्या हातात घेतल्या आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "आप सही समय पर आईं." त्यांचा आवाज हलका झाला होता. मी खुर्चीवर बसले.

सलाईन लागलं. दिलीप कटाई अर्धी टाकून आला. चिखलाचे पाय तसेच. तो पलंगाशी उभा राहिला आणि त्याच्या तोंडातून सवयीने निघालं, "जेवली का?" मी त्याच्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "हर्षू, आपली बाग पडली."

ती हळू म्हणाली, "कधी?"

"तू गेली त्यानंतर. वारं आलं होतं. अर्धी गेली."

"मला सांगितलं नाही."

"तुझा अभ्यास..."

"मी पहिल्याच टेस्टमध्ये नापास झाले पप्पा. सगळं इंग्रजीत शिकवतात. मला समोर बसून काही कळत नाही. मी हिंदी बोलते तर पोरी हसतात, म्हणतात तू कुठल्या गावची."

"अगं, मग सांगायचं ना."

"तुम्ही तरी कुठे सांगितलं," ती म्हणाली.

दिलीप खाटेच्या कडेला टेकला. सारखा नाक पुसत होता. त्या दोघांनी त्या दिवशी जेवढं खरं सांगितलं, तेवढं त्या सगळ्या फोनांत मिळून नव्हतं. बाग पडली हे ऐकून पोरीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जीव आला. हे मला विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही. घरी सगळं ठीक असलं की पडणारी ती एकटीच असते.

आम्ही तिला घरी आणलं. खाट परत जागेवर आली, नळ्या अंगणात गेल्या आणि भिजल्या. गल्ली विचारायला आलीच. समोरची गोदाबाई म्हणाली, "काय, पोरीला जमलं नाही वाटतं?" मी म्हटलं, "नाही जमलं. तुझ्या सुनेला तरी तुझ्याशी कुठे जमतंय."

ते वर्ष गेलं. गेलं तर गेलं. केळीचं एखादं पीकही जातं, म्हणून कोणी रान विकत नाही. पुढच्या साली हर्षाली परत तिथेच गेली, तिलाच जायचं होतं. मला ते पटलं नव्हतं, अजूनही पुरतं पटलेलं नाही. पण या वेळी ओटी भरली नाही, पाया पडणं नाही, घराण्याचं नाव नाही. दिलीप म्हणाला, "वाटलं तर त्याच दिवशी बस पकड. कोणी आणायला यायची वाट बघू नको. विचारूही नको." आणि फोनवर तो आधी आपलं सांगतो. मोटर जळाली, भाव पडला, डोकं दुखतंय. मग ती तिचं सांगते. काही वेळा नुसती भांडतात. भांडण ऐकलं की मी आत निवांत पडते.

परवा शेजारची मंगला पेढे घेऊन आली. तिची पोरगी भोपाळला नर्सिंगला चाललीय. मंगला म्हणाली, "बाई, मी तर तिला रोज फोन करणार, सकाळ-संध्याकाळ. काय खाल्लं विचारणार."

मी म्हटलं, "खाल्लं असं ती सांगेल. तू काय करशील?"

"मग काय विचारू?"

"आज कशाने रडू आलं ते विचार. तुला कशाने आलं ते आधी सांग. आणि महिना झाला की न सांगता जाऊन ये. फाटकावर कोणी अडवलं तर माझ्यासारखं खोटं बोल."

"पण असं सारखं गेलं तर तिचं मन कसं लागेल?"

"मन लागायला पोरगी असावी लागते," मी म्हटलं.

मंगला कशी तरी हसली. माझं बोलणं लोकांना कडू लागतं, मला ठाऊक आहे. मी चौथी शिकले, कॉलेजच्या आत काय असतं ते मला माहीत नाही. पण पोरगी लांब गेली की तिचा आवाज कसा बदलतो, ते मी दोनदा ऐकलं आहे. एकदा बांगडीवालीच्या तोंडून आणि एकदा फोनमधून, आणि दोन्ही वेळी तो आवाज एकच होता.

हे दिवस आले की दुपारी मला झोप लागत नाही. घर शांत असतं, फोन उशाशी असतो. कधी कधी वाटतं, अंगणात काही ओरडलं. बारीक, नुकत्या झालेल्या पिलासारखं. मी उठून दारापर्यंत जाते. अंगणात काही नसतं. हर्षालीचं शेवटचं वर्ष चालू आहे. ती सुट्टीला येते, खाटेवर आडवी पडते, मोबाइल बघते, संगीताशी वाद घालते. मी तिच्याकडे जरा जास्तच बघते. ती म्हणते, "आजी, अशी काय बघतेस?" मी म्हणते, "काही नाही." मी तिला एकदा केसर म्हणून हाक मारली होती आणि तिने ओ दिली. आम्ही दोघींनी ते ऐकलं नाही असं केलं.

केसर गेली. हर्षाली वाचली. दोन्ही वेळी घरात मी होते, आणि अजून आहे.